यादीत न मावणारा वारसा
कर्जत-खालापूरच्या आधुनिक वास्तू आणि त्यांच्या नोंदीचा प्रश्न

१

गेल्या वर्षी आईची पत्र्याची ट्रंक मी पहिल्यांदाच तळापर्यंत रिकामी केली. तळाला एक जाड कागद अंथरलेला होता, कडा झुरळांनी खाल्लेल्या. उलटून पाहिला तर तो अमोनिया प्रिंट निघाला. खोपोलीच्या ज्या कारखान्यात बाबा ड्राफ्ट्समन होते, त्याच्या कामगार-वसाहतीतील क्वार्टरचा नकाशा. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक चौकोन काढून त्यात लिहिलेले ‘कोळसा’. अक्षर बाबांचे. अमोनिया प्रिंट उजेडात राहिला की काही वर्षांत फिका पडतो. हा ट्रंकेच्या अंधारात होता म्हणून वाचला.

त्या क्वार्टरमध्ये मी वयाची पहिली अठरा वर्षे काढली. आज ती वसाहत नाही. बाबा गेले त्याच वर्षी ती पाडली गेली आणि तिच्या जागी मजल्यांवर मजले चढले. बाबांच्या पश्चात घर आवरताना कपाटावर नकाशांच्या आणखी बऱ्याच सुरळ्या सापडल्या होत्या. त्या मी स्वतः रद्दीवाल्याला दिल्या. काट्यावर नऊ किलो भरल्या. त्या काळात मी मुंबईतील एका महाविद्यालयात मराठी शिकवत होते, गिरणगावाच्या साहित्यावर व्याख्याने देत होते आणि चाळी पाडल्या जात असल्याबद्दल हळहळ व्यक्त करणारा एक लेखही मी लिहिला होता. आपल्या घरातल्या सुरळ्या आणि तो लेख यांचा काही संबंध आहे, हे मला त्या दिवशी सुचले नाही.

का सुचले नाही, हा या लेखाचा विषय आहे. चूक माझी होती, पण ती एकटीची नव्हती. कोणत्या बांधकामाला वारसा म्हणायचे आणि कोणत्याला नुसते बांधकाम, याची जी समजूत आपण बाळगून आहोत, तिच्यातून ती चूक घडली. कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके ही समजूत तपासायला फार सोयीचे आहेत. कारण आधुनिक काळाने येथे जे बांधले ते प्रचंड आहे, आणि त्यातले फारच थोडे आपल्या डोळ्यांना ‘वास्तू’ म्हणून दिसते.

२

या भागात वारसा म्हटला की कोणती नावे निघतात? कोंढाणे लेणी. कोथळीगड, म्हणजे पेठचा किल्ला. अष्टविनायकांपैकी महडचा वरदविनायक. नेरळ-माथेरानची छोटी गाडी. ही नावे योग्यच आहेत. पण त्यात विसाव्या शतकाची प्रतिनिधी म्हणून एकटी माथेरानची गाडीच येते, आणि तीही तिच्या रूपामुळे. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात दोन फुटी रुळांचा हा मार्ग डोंगरात वळवून वळवून वर नेला. जुलै २००५च्या अतिवृष्टीत तो वाहून गेला, तेव्हा तो पुन्हा उभा राहावा असे सर्वांनाच वाटले, आणि २००७मध्ये तो पुन्हा सुरू झाला. आज युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्याचे नाव आहे. गाडी लहान आहे, देखणी आहे, फोटोत छान येते. तिच्यावर प्रेम करायला समीक्षकाची गरज पडत नाही.

याच भागात दुसरे एक दृश्य आहे. चौकहून कर्जतकडे जाताना एन. डी. स्टुडिओ लागतो. कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५मध्ये उभारलेला. ‘जोधा अकबर’ या चित्रपटासाठी तेथे मोगल आणि राजपूत वास्तूंची भव्य प्रतिकृती उभी राहिली. लाकडी सांगाडे, प्लायवूड, प्लास्टर ऑफ पॅरिस आणि रंग यांतून साकारलेले ते काम कारागिरी म्हणून थोर आहे. चित्रीकरण संपल्यावरही पर्यटक तिकीट काढून ते पाहायला येत राहिले. मी स्वतः विद्यार्थ्यांना घेऊन गेले आहे. त्या दिवशी बसमधून जाताना वाटेत विजेचे मनोरे दिसत होते, घाटाच्या अंगाला पाण्याचे जाड पाइप दिसत होते. विद्यार्थ्यांना मी त्यांपैकी काहीच दाखवले नाही. आग्र्याच्या किल्ल्याच्या प्रतिकृतीसमोर मात्र आम्ही तासभर थांबलो.

कायद्याची समजूत आमच्यापेक्षा फारशी वेगळी नाही. १९५८च्या केंद्रीय कायद्यानुसार प्राचीन स्मारक ठरण्यासाठी वास्तूचे वय किमान शंभर वर्षे असावे लागते. शहरांच्या वारसा-नियमावल्या याहून उदार आहेत. मुंबईत १९९५पासून अशी नियमावली आणि श्रेणीनिहाय यादी आहे. तरी वयाचा मुद्दा निर्णायक क्षणी पुढे येतोच. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचे ‘हॉल ऑफ नेशन्स’ हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. वास्तुरचनाकार राज रेवाल आणि संरचना अभियंते महेंद्र राज यांनी १९७२मध्ये, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, काँक्रीटच्या त्रिमितीय जाळीतून उभारलेले ते दालन. साठ वर्षे न झालेल्या इमारतींचा वारसा म्हणून विचार करता येणार नाही, अशी भूमिका संबंधित समितीने घेतली आणि एप्रिल २०१७मध्ये ते रातोरात पाडले गेले. पाच वर्षांनी, २०२२मध्ये, न्यू यॉर्कच्या ‘मोमा’ संग्रहालयाने दक्षिण आशियातील आधुनिक वास्तुकलेचे प्रदर्शन भरवले, त्यात याच दालनाला मानाचे स्थान होते. प्रदर्शन शक्य झाले ते रेखाचित्रे, प्रतिकृती आणि छायाचित्रे जपलेली होती म्हणून.

वयाच्या अटीत एक गफलत आहे. आधुनिक इमारत शंभर वर्षे टिकेल अशा बेताने बांधलेलीच नसते. काँक्रीटमध्ये पाणी मुरते, आतली सळई गंजून फुगते आणि वरचा थर फोडून बाहेर येते. कर्जतसारख्या ठिकाणी, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे ही गोष्ट घराघरात माहीत आहे. म्हणजे जी वास्तू शंभरी गाठण्याआधीच थकणार, तिला शंभरीनंतर मान देऊ असे आपण म्हणतो.

३

पण वय हा दुय्यम मुद्दा आहे. मोठी अडचण यादीच्या घटकात आहे. यादी मोजते ती एकेक इमारत : नाव, पत्ता, काळ, शैली, श्रेणी. कर्जत-खालापूरच्या आधुनिक वारशाचा घटक इमारत नव्हेच. तो साखळी आहे.

टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी १९१०मध्ये स्थापन झाली आणि १९१५मध्ये खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. कल्पना जमशेटजींच्या काळातली, पण ते १९०४मध्येच गेले होते. सह्याद्रीच्या माथ्यावर, लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे, पावसाचे पाणी साठवायचे. ते खंडाळ्याच्या कड्यापर्यंत आणायचे. तेथून पोलादी पाइपांतून पाचशे मीटरहून अधिक खाली खोपोलीला सोडायचे. त्या जोरावर जनित्रे फिरवायची. आणि तयार झालेली वीज मनोऱ्यांवरच्या तारांतून सुमारे सत्तर किलोमीटर दूर मुंबईत परळला पोहोचवायची. परळहून ती कापड गिरण्यांत जायची. १९२२मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. त्याचे पाणी आंध्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणाचे. १९२७मध्ये दक्षिणेला भिरा आले, मुळशीच्या पाण्यावर.

आता या कामातली ‘वास्तू’ कोणती? वीजगृहाची इमारत म्हणावी, तर तिच्यातले पहिले संच केव्हाच जाऊन नवे आले आहेत. पाइप म्हणावेत, तर ते इमारत नाहीत. मनोरे म्हणावेत, तर तो एकसारखा साचा ओळीने उभा आहे. त्यातल्या कोणत्या एकाला श्रेणी द्यायची? वेगवेगळे पाहिले तर प्रत्येक तुकडा सामान्य आहे. एकत्र पाहिले तर सह्याद्रीचा पाऊस आणि परळचा माग यांना जोडणारी ती एक अखंड रचना आहे, आणि विसाव्या शतकातली मुंबई तिच्याशिवाय समजत नाही.

साखळी येथे थांबत नाही. जनित्रे फिरवून झाल्यावर सुटणारे पाणी खोपोलीला पाताळगंगेत जाते. त्या पाण्यावर पुढे रसायनी-पाताळगंगा परिसरातील कारखाने आले. १९६०मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा रसायनीचा कारखाना त्यांतलाच. ‘रसायनी’ हे गावाचे नावच या उद्योगातून आलेले. भिवपुरीचे सुटलेले पाणी राजनाला कालव्याने कर्जत तालुक्यातल्या शेतांना मिळते आणि तेथे उन्हाळी भात पिकते. उरलेले उल्हास नदीतून बदलापूर, अंबरनाथकडे जाते. मुंबईच्या गिरण्यांसाठी अडवलेल्या पाण्यावर कर्जतचा शेतकरी दुसरे पीक काढतो, ही गोष्ट कोणत्याही वारसा-यादीच्या रकान्यात बसत नाही.

रेल्वेचेही तसेच. १८६३मध्ये बोरघाटाचा चढ खुला झाला, तेव्हा गाडी एका टप्प्यावर उलट दिशा घेऊन वर चढत असे. १९२९-३०च्या सुमारास कल्याण-पुणे मार्गावर वीज आली, नवी आखणी झाली आणि ते उलट दिशेचे स्थानक सुटले. घाट चढण्यासाठी कर्जतला मागून जोडइंजिने लावण्याची पद्धत मात्र राहिली. इंजिने लावायला गाडी थांबते, म्हणून कर्जतचा वडा प्रसिद्ध झाला. दिवाडकरांच्या वड्याची कीर्ती ही खरे तर घाटाच्या चढाची देणगी आहे. मी हे गमतीने लिहीत नाही. एखाद्या अभियांत्रिकी रचनेतून लोकांच्या खाण्यात, बोलण्यात, सवयीत काय उतरले, ही वास्तूच्या नोंदीचीच बाजू आहे.

या साखळीचे मर्म सर्वांत आधी आणि सर्वांत नेमके ओळखले ते भाई कोतवालांनी. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल माथेरानचे, १९१२चा जन्म, नाभिक कुटुंबातले, शिकून वकील झालेले. १९४२च्या आंदोलनात त्यांनी आझाद दस्ता उभारला आणि या परिसरातले विजेचे मनोरे पाडायला सुरुवात केली. डोंगरातला एक मनोरा पडला की मुंबईतली गिरणी थांबते, हा त्यामागचा हिशेब होता. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. आपण त्यांची स्मारके केली, हे उचितच. पण ज्या रचनेवर त्यांनी घाव घातला ती समजून घेतल्याशिवाय त्यांच्या कृतीतली बुद्धी कळत नाही. उरते ते नुसते शौर्य. मनोरा हा येथे स्वातंत्र्यलढ्याचाही दस्तऐवज आहे.

४

आता माझ्या स्वतःच्या क्षेत्राकडे वळते. गिरण्यांचे टोक मराठी साहित्याने भरभरून टिपले. नारायण सुर्व्यांची कविता आहे. जयंत पवारांचे ‘अधांतर’ संपानंतरच्या गिरणी कामगार कुटुंबाची घुसमट रंगमंचावर आणते. संशोधकांनी कामगारांच्या मुलाखती घेतल्या, छायाचित्रकारांनी बंद गिरण्यांची दालने टिपली. गिरण्या गेल्या, पण त्यांची आठवण कागदावर राहिली. साखळीच्या दुसऱ्या टोकाला, खोपोली-भिवपुरीला, असे साहित्य मला तुरळकच सापडते. अपवाद धरणाच्या बाजूचा : राजेंद्र व्होरा यांचे ‘मुळशी सत्याग्रह’. पण वीजगृहाच्या पाळीवर जाणारा माणूस, कॅम्पातली संध्याकाळ, कारखान्याची क्वार्टर, यांना मराठी कथा-कादंबरीने फारसे घर दिले नाही. गिरणगाव लिहिले गेले, कारण लिहिणारे त्यात राहत होते किंवा शेजारी राहत होते. मी वसाहतीत राहत होते आणि गिरणगावावर लिहीत होते.

वास्तूंची नोंद करणाऱ्यांच्या रूढ पद्धतीही तपासायला हव्यात. सर्वांत सोपी पद्धत छायाचित्राची. इमारत पाडली जाणार असे कळले की कॅमेरे पोहोचतात. दर्शनी भाग, जिना, गंजलेला कठडा, संध्याकाळचा उजेड. अशी छायाचित्रे सुंदर असतात आणि त्यांच्यावरून खोलीची उंचीही सांगता येत नाही. जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेशर या दांपत्याने १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून पाण्याच्या टाक्या, खाणींचे मनोरे, भट्ट्या यांची छायाचित्रे एकाच शिस्तीने घेतली : समोरून, सपाट उजेडात, एकाच प्रकारच्या रचना शेजारी शेजारी मांडून. तुच्छ समजल्या गेलेल्या बांधकामांकडे पाहायला त्यांनी जगाला शिकवले. विजेच्या मनोऱ्यांची ओळ कशी टिपावी, याचा धडा त्यांच्याकडून घेण्यासारखा आहे. पण त्यांच्या चौकटीत माणूस नसतो. क्वार्टरची नोंद त्या पद्धतीने केली तर ओटा दिसेल, ओट्यावर कोण बसत असे ते दिसणार नाही.

दुसरी पद्धत नामवंत रचनाकाराच्या मागे जाण्याची. तिचे फळ कधीकधी उत्तम येते. मुंबईच्या आर्ट डेको इमारतींचे एक प्रमुख शिल्पकार गजानन बाबुराव म्हात्रे. त्यांचे काम वास्तुरचनाकार कमू अय्यर यांच्या संपादनाखाली २०००मध्ये ग्रंथरूपाने आले, आणि ज्या इमारतींच्या खालून लोक रोज जात होते त्यांना कर्त्याचे नाव मिळाले. २०१८मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यामागे अशा अनेकांची चिकाटी आहे. पण कर्जत-खालापूरच्या क्वार्टरना म्हात्रे नाहीत. त्या अशाच ड्राफ्ट्समननी काढल्या, ओव्हरसियरनी उभ्या केल्या आणि राहणाऱ्यांनी बदलल्या. कर्त्याच्या नावाने वारसा शोधायचा ठरवला तर निनावी काम आपोआप बाहेर पडते.

नोंदी कुठे सापडतात हीही एक कहाणी आहे. कर्जत १८९१पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, खालापूर तेव्हा कर्जतचाच पेटा. म्हणून जुनी माहिती ठाण्याच्या गॅझेटियरमध्ये, नंतरची कुलाब्याच्या, आणि १९८१पासून जिल्ह्याचे नावच रायगड. गॅझेटियरची रचनाही अशी की उद्योग एका प्रकरणात आणि प्रेक्षणीय स्थळे दुसऱ्या. कारखाना हा उत्पादनाचा आकडा म्हणून येतो, जागा म्हणून क्वचित. कंपनीच्या अभिलेखागारात कंपनीची बाजू असते. टाटा समूहाचे पुण्यातील अभिलेखागार हे भारतातील अशा मोजक्या संस्थांपैकी एक. रेल्वेचे कागद रेल्वेकडे. आणि घरांची सर्वांत दुर्लक्षित नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८मध्ये, कर आकारणीच्या वहीत : लांबी, रुंदी, भिंत कशाची, छप्पर कशाचे. कर बसवण्यासाठी ठेवलेल्या त्या रकान्यांत कुडाच्या भिंतीची वीट आणि कौलाचा पत्रा कधी झाला, तो पत्रा जाऊन स्लॅब कधी आला, हे सलग वाचता येते. वास्तुकलेचा इतिहास लिहिणारा माणूस त्या वहीपाशी गेला पाहिजे.

५

येथे तीन आक्षेप येतात. तिन्ही रास्त आहेत.

पहिला : ज्यांत पाणी गळत होते, जिना खचत होता, अशी घरे का जपायची? मी त्यात राहिले आहे. जून ते सप्टेंबर आमच्या घरात तीन भांडी कायमची गळतीखाली असत. तेथील माणसांना मोठे, कोरडे घर मिळाले असेल तर मला त्याचे दुःख नाही. जतन म्हणजे प्रत्येक भिंत उभी ठेवणे असा अर्थ घेतला तर तो श्रीमंत गावांचा छंद होईल. पण पाडणे अटळ असेल तेव्हाही नोंद अटळ नसते, ती करावी लागते. १९८८मध्ये नेदरलँड्समध्ये आधुनिक वास्तूंच्या रक्षणासाठी ‘डोकोमोमो’ ही चळवळ सुरू झाली. तिच्या नावात नोंदीकरण आधी आहे आणि जतन नंतर. तो क्रम मला पटतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा : हा वारसा कोणाचा? मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१पासून सेनापती बापटांसह धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. त्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि वीज मुंबईला गेली. अशा रचनेला वारसा म्हणून मिरवायचे का? मिरवू नयेच. वारसा म्हणजे अभिमानाची वस्तू, ही समजूत सोडावी लागेल. वाडवडिलांकडून घर मिळते तसे कर्जही मिळते. वीजगृहाची नोंद धरणाखालच्या गावांच्या नोंदीशिवाय झाली तर ती जाहिरात होईल. साखळी हा घटक धरण्याचा फायदा असा की त्यात हे टोक वगळता येत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहारी : चालू वीजगृह, रेल्वेची यार्डे, रासायनिक कारखाने ही सुरक्षेची ठिकाणे आहेत, तिथे वही-टेप घेऊन कोण जाऊ देईल? खरे आहे. पण भिंतीबाहेरचे बरेच काही मोकळे असते : वसाहती, बाजार, शाळा, टपाल कार्यालय, कालवा, मनोऱ्यांखालची शेते, आणि निवृत्त माणसे. निवृत्त माणसांची नोंद सर्वांत आधी करायला हवी, कारण तिला मुदतवाढ मिळत नाही.

६

घाई का, ते आता सांगते. २०१३पासून या दोन्ही तालुक्यांतील अनेक गावे सिडकोच्या ‘नैना’ क्षेत्रात आली. पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाचे सुमारे तीस किलोमीटरचे काम बोगद्यांसह हाती घेतले गेले. द्रुतगती मार्गाने खालापूर मुंबईच्या अंगणात आणून ठेवलेच होते. शेतघरांच्या आणि ‘सेकंड होम’च्या जाहिराती पाहिल्या तर वाटते, येथे याआधी नुसता डोंगर आणि धबधबे होते. या भागाला शंभर वर्षांचा औद्योगिक भूतकाळ आहे, हे त्या जाहिरातींना माहीत नाही आणि नव्याने राहायला येणाऱ्यांना कळायला मार्ग नाही.

रसायनीचे उदाहरण ताजे आहे. २०१७मध्ये केंद्र सरकारने हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्सचा तेथील कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. एक संयंत्र ‘इस्रो’साठी राखले गेले, मोठी जमीन भारत पेट्रोलियमकडे गेली. व्यवहाराच्या कागदांत एकर आहेत, कोटी आहेत, यंत्रे आहेत. नेहरूकाळाने सरकारी उद्योगाबरोबर एक राहण्याची कल्पनाही बांधली होती : कारखान्याजवळ घर, घराजवळ शाळा, दवाखाना, मैदान, निरनिराळ्या प्रांतांतली कुटुंबे एका ओळीत. त्या कल्पनेचे मोल कोणत्या कागदात लिहिले जाते? कर्जत-खालापूरच्या अशा वसाहतींत वाढलेली मुले आज पन्नाशी-साठीत आहेत. त्यांच्याकडे वाढदिवसाचे फोटो आहेत, आणि त्या फोटोंत पाठीमागे भिंती, खिडक्या, ओटे आहेत. त्या फोटोंवरून वसाहतीचा अर्धा नकाशा पुन्हा काढता येईल.

म्हणून माझी सूचना लहान आहे. एखाद्या वसाहतीचे पाडकाम मंजूर करताना नगरपरिषदेने किंवा नियोजन प्राधिकरणाने नव्या इमारतीचे नकाशे मागून घेतात तसेच पाडायच्या इमारतीचे मोजणी-नकाशे मागावेत. खर्च विकासकाचा, प्रत सार्वजनिक ग्रंथालयात. वास्तुकला महाविद्यालयांचे विद्यार्थी माझ्या पाहण्यात जुने वाडे आणि देवळे मोजायला येतात. त्यांतल्या काहींनी एक क्वार्टर मोजावी आणि सोबत मराठी विभागाचा एक विद्यार्थी मुलाखत घ्यायला न्यावा. एकाने टेप धरावी, दुसऱ्याने कान द्यावा. यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहावी लागत नाही.

दोघे का हवेत, हे मला ट्रंकेतल्या कागदाने शिकवले. नकाशात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ‘कोळसा’ असे लिहिले आहे. आमच्या घरी तिथे कधीच कोळसा नव्हता. शेगडी जाऊन रॉकेलचा स्टोव्ह आला होता. आईने त्या कोनाड्याला पडदा लावला होता आणि आत आम्हा तिघा भावंडांची दप्तरे असत. शेजारच्या केरळी कुटुंबाने तिथे देव मांडले होते, पलीकडच्या घरात शिवणयंत्र होते. एकाच मापाचे ते चौकोन ओळीने होते आणि प्रत्येकाचे वेगळेच काही झाले होते. केवळ नकाशा पाहणारा म्हणेल, येथे कोळसा ठेवत. केवळ माझी आठवण ऐकणारा म्हणेल, येथे दप्तरांसाठी कोनाडा बांधला होता. दोन्ही चुकतील.

तो कागद मी सपाट करून घेतला आहे, स्कॅन केला आहे, आणि वसाहतीतल्या जुन्या शेजाऱ्यांना एकेक करून दाखवते आहे. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते : तुमच्याकडे कोळशाच्या जागी काय होते? आतापर्यंत अकरा घरांची उत्तरे लिहून झाली आहेत. वसाहतीत घरे शंभराहून जास्त होती.